चौदा वर्षांची हुजूर राजवट निवर्तली : शोकसभा (फुलं नकोत, लेट्यूस आणा)

तिरकस_तात्या (५ जुलै २०२४, सकाळी)

कळविण्यास अत्यंत दुःख होते की ब्रिटनमधील हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची राजवट (जन्म : ११ मे २०१०) हिचे गुरुवार दि. ४ जुलै रोजी रात्री ठीक १० वाजता एक्झिट पोलच्या तीव्र झटक्याने निधन झाले. तिच्या पश्चात पाच पंतप्रधान, सात अर्थमंत्री, १२१ खासदार आणि पंतप्रधान निवासातला लॅरी नावाचा बोका असा परिवार आहे. बोका जुन्याच पत्त्यावर राहील. बाकीच्यांचे पत्ते मागाहून कळवू.

झालं, औपचारिकता संपली, आता मोकळेपणाने रडूया. मी काही हुजूरवाला कधीच नव्हतो पण हे लोक गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतंय, कारण इतकं सातत्याने मनोरंजन दुसऱ्या कुठल्या सरकारने केलंय सांगा. आता तो मजूर पक्षाचा स्टार्मर येणार, माझे वडील टूलमेकर होते म्हणून सांगणार, फायली वाचणार आणि वेळेवर झोपणार. आपण काय करायचं संध्याकाळचं?

तर सभेपुढे दोन प्रश्न. एक, प्राण नक्की केव्हा गेला? काल फक्त सर्टिफिकेट मिळालं हे सगळ्यांनाच माहितीये. दुसरा जरा गंभीर आहे आणि मला खरंच पडलाय. ज्या पक्षाचा सगळा जप 'आहे ते सांभाळा, उगाच मोडतोड नको' असा, त्याने चौदा वर्षांत सांभाळलं काय? २०१० ला हातात आली होती तशीच्या तशी परत केलेली एक तरी गोष्ट दाखवा.

मिरची_भजी

पहिली! पॉपकॉर्न घेऊन बसलेय, चालू द्या.

लंडनची_सून

तात्या, रात्रभर जागी होते आणि आता ऑफिसातून चोरून टाइप करतेय त्यामुळे शुद्धलेखन माफ करा. काय रात्र होती ती! जेकब रीस-मॉग, तो डबल ब्रेस्टेड सूट, ते शंभर वर्षांपूर्वीचं बोलणं, आणि निकाल वाचला जात असताना याच्या शेजारी कोण उभं तर मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टीचा उमेदवार, तोंडाला बेक्ड बीन्सची माकडटोपी घालून. रीस-मॉग चेहरा सरळ ठेवून उभा होता, तेवढं मानलं पाहिजे. ग्रँट शॅप्स संरक्षणमंत्री होते, त्यांना स्वतःच्या मतदारसंघाचं संरक्षण जमलं नाही. पेनी मॉर्डंटही पडल्या.

पण खरी मजा उजाडल्यावर. माजी पंतप्रधान लिझ ट्रसबाई! साऊथ वेस्ट नॉरफोक, गेल्या वेळचं मताधिक्य २६,००० च्या वर, आणि या वेळी ६३० मतांनी पडल्या. स्टेजवर यायलाच उशीर, लोकांनी कंटाळून संथ टाळ्या सुरू केल्या, मग आल्या, निकाल ऐकला आणि भाषण न करता निघून गेल्या. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात कमी नुकसानकारक भाषण.

खवचट_खार

शेवटच्या वाक्याला दंडवत __/\__

भाऊ_बिलंदर

प्रश्न १ चं उत्तर. प्राण २४ जून २०१६ च्या पहाटे गेला, नंतरची आठ वर्षं नुसतं व्हेंटिलेटर. पंतप्रधान कॅमेरॉनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं की नाही याचं सार्वमत कशाला घेतलं? पक्षातली युरोपवरची भांडणं कायमची मिटवायला. बाहेर पडा ५१.९ टक्के, राहा ४८.१. भांडण मिटलं नाहीच, पक्षातून निघून देशभर पसरलं, नवरा-बायकोंत पसरलं. आणि हाच माणूस २०१५ च्या निवडणुकीआधी ट्विट करून सांगत होता की सोपी निवड आहे, माझ्याबरोबर स्थैर्य आणि मजबूत सरकार, नाहीतर मजूर पक्षाच्या एड मिलिबँडबरोबर गोंधळ. त्यानंतर स्थैर्य इतकं आलं की चार पंतप्रधान लागले ते पेलायला.

आणि जाताना काय केलं आठवतंय का? थेरेसा मेंकडे कारभार कधी देणार ते पत्रकारांना सांगितलं, पाठ वळवली, आणि कॉलरचा माईक चालू असताना गाणं गुणगुणत दहा नंबरच्या (म्हणजे १० डाऊनिंग स्ट्रीट, पंतप्रधानांचं घर) दारातून आत. मग २५,००० पौंडांची चाकांवरची लाकडी झोपडी घेतली बागेत, आठवणी लिहायला. इतक्या शांत चित्ताने कुणी घराला काडी लावलेली मी पाहिली नाही.

खवचट_खार

रच्याकने, एड मिलिबँड आजच ऊर्जामंत्री झालाय. गोंधळ आला, फक्त नऊ वर्षं लेट. ब्रिटिश रेल्वेने आला असणार.

आकडेशास्त्री

भाऊ, असहमत. ब्रेक्झिटने मेले म्हणता मग डिसेंबर २०१९ ला ३६५ जागा आणि ८० चं बहुमत कुठून आलं? मेलेला माणूस असा पळत नाही. (जरी प्रचाराच्या शेवटच्या दिवशी टीव्हीवाले मागे लागल्यावर पंतप्रधान बोरिस जॉन्सन डेअरीच्या फ्रीजमध्ये शिरला असला तरी.)

मृत्यूची तारीख २३ सप्टेंबर २०२२. पंतप्रधान ट्रस आणि अर्थमंत्री क्वार्टेंग यांचं मिनी-बजेट. ४५ अब्ज पौंडांची करकपात, पैसे कुठून येणार ते कुणी विचारायचं नाही. तीन दिवसांत पौंड १.०३ डॉलरच्या आसपास, इतिहासातला तळ. पेन्शन फंड बुडायला लागले म्हणून बँक ऑफ इंग्लंडला रोखे घ्यायला उतरावं लागलं. दोन वर्षांच्या फिक्स्ड गृहकर्जाचा सरासरी दर महिन्याभरात साडेसहाच्या वर गेला. क्वार्टेंगसाहेब ३८ दिवसांत घरी आणि बाई ४९ दिवसांत.

मुद्दा नीट समजून घ्या. या पक्षाकडे माया, करुणा वगैरे आहे असं कुणीच कधी मानलं नव्हतं, त्यांच्या मतदारांनीही नाही. पण 'पैशाचं यांना कळतं' हे एकच भांडवल पिढ्यानपिढ्या होतं. ते एका शुक्रवारी सकाळी उडवलं. त्यापुढचे पोल बघा, परत वर आलेच नाहीत.

मिरची_भजी

ट्रसबाई आधी जातात की लेट्यूस आधी सडतो म्हणून पेपरवाल्यांनी कॅमेऱ्यासमोर ठेवलेल्या त्या लेट्यूसचं पुढे काय झालं? ६० पेन्सचा होता ना? त्याला पेन्शन वगैरे?

आकडेशास्त्री

लेट्यूसला नाही. पण माजी पंतप्रधानांना सार्वजनिक कामाच्या खर्चापोटी वर्षाला १,१५,००० पौंडांपर्यंत क्लेम करता येतात. ट्रसबाईही पात्र.

मिरची_भजी

४९ दिवसांत?? माझं प्रोबेशन पण संपत नाही तेवढ्यात.

निवृत्त_नाना

चाललंय ते चालू द्या पण कुणीतरी दुसरी बाजू मांडायला पाहिजे म्हणून लिहितो. मी तिकडे आयुष्यभर नोकरी केली, आता परत येऊन इथे स्थायिक आहे, पासपोर्ट ब्रिटिशच, आणि माझं मत या वेळीही हुजूर पक्षालाच. हसा.

चौदा वर्षांत काहीच झालं नाही म्हणता? २०१२ ला ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होती, आता जेमतेम एक टक्का. नेट झिरोचा कायदा थेरेसा मेंनी २०१९ ला जाता जाता केला. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,४७५ वरून १२,५७० पौंड. नोकरी लागली की पेन्शन खातं आपोआप उघडतं ते यांच्याच काळात सुरू झालं. कोविडची मान्यताप्राप्त लस जगात सगळ्यात आधी, ८ डिसेंबर २०२० ला, तिथे टोचली गेली. समलिंगी विवाह २०१३ ला कायदेशीर केले. आणि युक्रेनला रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं युद्ध सुरू व्हायच्या आधी पाठवली, बाकी युरोप चर्चा करत असताना. टवाळी करायला काही लागत नाही हो.

शांतरस

नाना, तुमच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी मान्य. फक्त समलिंगी विवाहाचं श्रेय देताना आकडे बघा. फेब्रुवारी २०१३ च्या मतदानात हुजूर पक्षाचे १२७ खासदार बाजूने आणि १३६ विरोधात होते. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट मतांवर ते पास झालं. तेव्हा कॅमेरॉनचं श्रेय म्हणा, पक्षाचं म्हणू नका.

शिवाय तात्यांनी विचारलंय काय सांभाळलं. तुम्ही यादी दिलीत काय बदललं त्याची.

निवृत्त_नाना

हे वकिली आहे.

व्हिसाग्रस्त

मी जिवंत माणसांपैकी एक ज्याला या राजवटीने सगळ्यात जास्त पोसलंय, म्हणजे मी तिला पोसलंय. हेल्थ सरचार्ज (व्हिसावाल्यांनी सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा) २०१५ ला सुरू झाला तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड होता, मग ४००, मग ६२४, आणि या फेब्रुवारीपासून १,०३५. हा टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स भरून वर बरं का. बायकोला आणायचं तर एप्रिलपर्यंत १८,६०० पगार चालायचा, आता २९,००० लागतो. आणि एवढं सगळं कशासाठी तर स्थलांतर कमी करायला. कॅमेरॉनने वचन दिलं होतं वर्षाला लाखाच्या आत आणतो. २०२२ चा निव्वळ आकडा साडेसात लाखांच्या वर. म्हणजे आमच्याकडून पैसे घेतले ते न येण्यासाठी, आणि व्हिसे दिले ते येण्यासाठी, दोन्ही खाती एकाच ऑफिसात.

त्यात प्रीती पटेल. गृहमंत्री असताना पॉइंट्सवाली पद्धत आणली आणि रेडिओवर स्वतःच कबूल केलं की हे नियम तेव्हा असते तर कदाचित आपल्या आईवडिलांना प्रवेश मिळाला नसता. स्वतः वर चढून शिडी काढून घेणारे पाहिलेत, पण काढताना शिडीवर भाषण करणाऱ्या याच.

गर्दीतला_गोंद्या

काहीही म्हणा, ऋषी आपला होता. ऑक्टोबर २०२२ ला दिवाळीत तो पंतप्रधान झाला तेव्हा छाती फुगली होती की नाही खरं सांगा सगळ्यांनी. जावईबापू आपले!

लंडनची_सून

जामात हा दशमग्रह असतो गोंद्या, पत्रिकेत बघ. आपला म्हणजे काय रे? जन्म साऊदॅम्प्टनचा, शाळा विंचेस्टर, मग गोल्डमन सॅक्स. बिचाऱ्याला लहानपणी कशाची उणीव भासली विचारलं तर म्हणे आमच्याकडे स्काय टीव्ही नव्हता. प्रचाराची सुरुवात कशी केली बघ, २२ मेला दहा नंबरच्या दारात धो धो पावसात छत्रीविना उभा, सूट भिजून काळा, आणि गेटबाहेर कुणीतरी स्पीकरवर मजूर पक्षाचं १९९७ चं प्रचारगीत लावलेलं. दोन दिवसांनी बेलफास्टला गेला ते नेमकं टायटॅनिक बांधलेल्या भागात. पत्रकाराने विचारलंच, कॅप्टन तुम्हीच का. मग डी-डेच्या ऐंशीव्या स्मरणदिनातून मध्येच उठून आला, टीव्हीला मुलाखत द्यायला. ज्या मतदाराने आयुष्यात दुसऱ्या कुणाला मत दिलं नाही, त्याच्या वडिलांच्या युद्धाचा कार्यक्रम सोडून. मला तर वाटतं त्या पोरालाच सुटायचं होतं यातून.

गर्दीतला_गोंद्या

तरी शेवटचं भाषण सभ्य होतं. सॉरी म्हणाला, स्टार्मरला भला माणूस म्हणाला. बाकीच्यांना एवढं पण जमलं नाही.

लंडनची_सून

हे मान्य. शंभर टक्के.

खवचट_खार

मँचेस्टरचा उल्लेख अजून कसा नाही? पक्षाचं अधिवेशन, ऑक्टोबर २०१७, थेरेसा मेंचं भाषण. आधी एक विनोदवीर स्टेजपर्यंत चालत आला आणि हातात नोकरी गेल्यावर देतात तो पी४५ फॉर्म ठेवून गेला, म्हणाला बोरिसने पाठवलाय. मग खोकला सुटला तो थांबेना. मग मागच्या भिंतीवरच्या घोषणेची अक्षरं एकेक करून गळायला लागली. नाटककाराने लिहिलं असतं तर दिग्दर्शक म्हणाला असता जरा जास्त होतंय.

आणि सहा वर्षांनी त्याच गावात ऋषीने भाषण करून मँचेस्टरपर्यंतची एचएस२ ही वेगवान रेल्वे रद्द केली. भाषण कुठे केलं? मँचेस्टर सेंट्रल. जुन्या रेल्वे स्टेशनाच्या इमारतीत. मी काही जोडत नाहीये यात.

तिरकस_तात्या

खारुताई, हे शोकप्रस्तावात घेतलंय. अश्रूंनी कीबोर्ड खराब झाला.

भाऊ_बिलंदर

शिक्षणमंत्री पण घ्या. २०२२ मध्ये जुलै ते ऑक्टोबर एवढ्यात पाच जणांनी ते खातं पाहिलं. मिशेल डोनेलन तर जेमतेम दोन दिवस होत्या. पोरांनी मंत्र्यांची नावं पाठ करायची म्हटली तर प्रश्नपत्रिका छापायला जाईपर्यंत उत्तर बदलायचं.

शांतरस

हसतेय मीही, पण एक गोष्ट राहूनच चाललीये. १७ एप्रिल २०२१, विंडसरला प्रिन्स फिलिप यांचे अंत्यसंस्कार. राणी काळा मास्क लावून बाकावर एकटी बसली होती, कारण कोविडचा नियम तसा होता. आदल्या रात्री डाऊनिंग स्ट्रीटवर दोन निरोपाच्या पार्ट्या झाल्या. पंतप्रधान बोरिस त्या दिवशी तिथे नव्हता हे खरं, पण घर त्याचं आणि नियम त्याने टीव्हीवर येऊन सांगितलेले. शेवटी पोलिसांनी १२६ दंड लावले. बोरिस आणि ऋषी दोघांना ५० पौंड दंड झाला, आणि बोरिस हा पदावर असताना कायदा मोडल्याचा शिक्का बसलेला पहिला पंतप्रधान.

माझ्या मते तात्यांच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तिथे आहे. राजसत्ता, नियम, शिस्त, मोठ्यांचा मान, यांच्यासाठी हा पक्ष असतो ना? ऑगस्ट २०१९ ला संसद स्थगित करायचा सल्ला राणीला दिला तो सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाच्या अकराच्या अकरा न्यायमूर्तींनी बेकायदा ठरवला. म्हणजे राणीच्या सहीचा असा उपयोग करून घेणारा राजनिष्ठ पक्ष. मजूर पक्षाने असं केलं असतं तर याच लोकांनी रस्त्यावर येऊन छाती पिटली असती.

मिरची_भजी

हे वाचून पॉपकॉर्न खाली ठेवले.

खवचट_खार

आणि ज्यासाठी दंड झाला त्या बोरिसच्या वाढदिवसाच्या पार्टीबद्दल त्यांचाच एक मंत्री म्हणाला होता की बोरिसवर केकने अचानक हल्ला केला. सॉरी शांतरस, राहवलं नाही.

आकडेशास्त्री

सुतक पाळणाऱ्यांनो जरा थांबा, प्रेत हलतंय. मजूर पक्षाला मतं किती, ३३.७ टक्के. जागा ४११. हुजूरना २३.७ आणि फराजच्या रिफॉर्मला १४.३, म्हणजे उजव्यांची बेरीज ३८. रिफॉर्मला जागा फक्त ५, आणि लिबरल डेमोक्रॅटना त्यांच्यापेक्षा कमी मतांत ७२, कारण एड डेव्ही पॅडलबोर्डवरून तळ्यात पडत आणि बंजी जंप मारत बरोबर तिथेच फिरला जिथे मतं लागत होती. तेव्हा राजवट गेली, मतदार नाही गेला. तो शेजारच्या घरात राहायला गेलाय, मोठ्याने टीव्ही लावणाऱ्या.

आणि एक आकडा मला सगळ्यात भयंकर वाटतो. यूगव्ह या जनमत चाचणीवाल्या संस्थेने निवडणुकीनंतर पाहणी केली, कुठल्या वयाला माणूस मजूरपेक्षा हुजूर पक्षाला मत देण्याची शक्यता जास्त होते. २०१९ ला ते वय ३९ होतं. आता ६३.

भाऊ_बिलंदर

६३?? म्हणजे पक्षाचं सदस्यत्व आणि गुडघ्याचं ऑपरेशन एकदमच.

निवृत्त_नाना

गुडघ्यावरचे विनोद वैयक्तिक समजतो.

व्हिसाग्रस्त (४ नोव्हेंबर २०२४)

धागा वर काढतोय. केमी बेडनॉक नेत्या झाल्या, मोठ्या ब्रिटिश पक्षाच्या पहिल्या कृष्णवर्णीय नेत्या. आणि तिकडे मजूरवाल्यांनी म्हाताऱ्यांचा हिवाळी इंधनभत्ता कापला आणि त्याच सुमारास कळलं की स्टार्मरचे सूट आणि चष्मे एका लॉर्डने दिलेत. तात्या, काळजी करत होतात ना संध्याकाळची?

तिरकस_तात्या

चष्मे! माणूस एवढा कंटाळवाणा की भ्रष्टाचार पण ऑप्टिशियनकडचा. मी माझे शब्द मागे घेतो, होतकरू आहेत हे लोक.

पण माझा दुसरा प्रश्न तसाच लोंबकळतोय हां. काय सांभाळलं?

निवृत्त_नाना

३० सप्टेंबरला रॅटक्लिफचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं, मी म्हटलं होतं.

खवचट_खार

नाना, 'काय सांभाळलं' ला 'बंद केलं' हे उत्तर तुम्ही दुसऱ्यांदा देताय.

आकडेशास्त्री

मी सांगतो. दोन गोष्टी सांभाळल्या. एक, हाऊस ऑफ लॉर्ड्समधल्या वंशपरंपरागत सरदारांच्या ९२ जागा, त्या मजूरवाले आता विधेयक आणून काढतायत. आणि दुसरी यांनीच आणलेली पेन्शनची ट्रिपल लॉक. महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं सरकारी पेन्शन दर वर्षी वाढणार. २०२३ ला १०.१ टक्के, या वर्षी ८.५. डॉक्टर संपावर, कौन्सिलांचं दिवाळं, शाळांची छपरं कधी कोसळतील म्हणून वर्ग बंद, पण २०२२ चं एक वर्ष सोडलं तर लॉक हलली नाही. म्हणजे सांभाळलं ते आपल्या मतदाराला. आणि त्याच्या मुलाला, नातवाला घराचं भाडं भरता भरता दुसऱ्या पक्षात पाठवलं. ६३ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. नानांसारख्यांनी निष्ठा का ठेवू नये, त्यांचा हिशोब चोख आहे.

निवृत्त_नाना

एक मिनिट. माझा हिशोब तुम्हाला माहीत नाही. भारतात राहायला आलं की ब्रिटिश सरकारी पेन्शन गोठतं. ट्रिपल लॉक सोडा, एक पेनीची वाढ मिळत नाही. ज्या दराने इथे आलो त्याच दराने मरेपर्यंत. अमेरिकेत गेलो असतो तर वाढलं असतं. चौदा वर्षांत यांनी ते बदललं नाही.

मिरची_भजी

आणि तरी मत त्यांनाच????

निवृत्त_नाना

तत्त्व म्हणून काही असतं. शिवाय परदेशी राहणाऱ्या नागरिकांना १५ वर्षांनंतर मत देता येत नव्हतं, ती मर्यादा यांनीच उठवली, या जानेवारीपासून. तेव्हा इथे आल्यापासून पहिल्यांदाच नाव नोंदवलं.

लंडनची_सून

नाना, पोस्टाने मतपत्रिका वेळेत पोचली तुम्हाला? इथे ओळखीत कितीतरी जणांची परदेशातून वेळेत परत आलीच नाही.

निवृत्त_नाना

पोस्टावर विसंबलो नाही. पुतण्याला प्रॉक्सी दिली, तो लीड्सला असतो. मत हुजूरलाच टाक म्हणून बजावलं होतं, हो काका म्हणाला.

आकडेशास्त्री

पुतण्याचं वय काय?

निवृत्त_नाना

चौतीस. का?